मैदान कुणाच्या बापाचं?

(सावली येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय, 'शहरातली सार्वजनिक मैदानं आणि आपण'. मघाशी चहा घेताना एक पोरगा म्हणाला, "सावलीत बसून मुंबईच्या बगीच्यावर कायले बोलाचं गा? आपल्याले तं इथल्या शाळेच्या आवारात खुर्च्या टाकाले पंधरा दिवस फिरा लागते." पोरगा बरोबर बोलला. त्याच्या या एका वाक्यात माझं अर्धं भाषण आहे. उरलेलं अर्धं मी बोलतो.

मी झाडाफुलांवर बोलणार नाही. बाकावर बसून शेंगदाणे खाणाऱ्यांचा बगीचा वेगळा. मी बोलतोय त्या मोकळ्या जागेबद्दल, जिथं हजार माणसं एका वेळी उभी राहू शकतात, एक माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. राज्य करणाऱ्याला अशा जागेची भीती वाटते आणि तिचा मोहही सुटत नाही. ती जागा कुणाला मिळते, कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, कुणाच्या सहीनं, एवढं विचारा. त्या गावात कुणाचं राज्य आहे ते लगेच कळतं. निवडणुकीचा निकाल पाहायची गरज नाही.

आता सावलीचं सांगतो. १९३६ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच सावलीत गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं. खादीचं केंद्र म्हणून सावलीचं नाव तेव्हा देशभर होतं. गांधीजी इथं मुक्कामाला होते. गांधीवाद नावाची काही चीज नाही, असं ते म्हणाले ते याच गावात. जंगलातल्या गावाला मांडव मिळाला, पुढारी मिळाले, देशभरची वर्तमानपत्रं मिळाली. ठीक आहे. पण कॅलेंडरचं पान तेच ठेवा आणि दुसरीकडं बघा. त्याआधी पाचच महिने, १३ ऑक्टोबर १९३५ ला, बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केलेली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलेलं. भाषण लिहून झालं, मंडळानं वाचलं आणि मंडळाचे हातपाय गार पडले. अमुक भाग गाळा म्हणाले. बाबासाहेब म्हणाले, एक स्वल्पविराम बदलणार नाही. झालं, परिषदच रद्द! मग त्या माणसानं मे १९३६ मध्ये स्वतःच्या पैशानं पंधराशे प्रती छापल्या. आज ते पुस्तक जगभर वाचलं जातं. पण त्या दिवशी त्याला मांडव नव्हता.

मी गांधींना शिव्या द्यायला उभा नाही. ते काम दुसरे करतात, त्यांना करू द्या. मला एवढंच दाखवायचंय की एकाच वर्षी, एकाच देशात, एकाच्या शब्दाला जंगलातसुद्धा मांडव उभा राहतो आणि दुसऱ्याच्या शब्दाखालची जाजमं गुंडाळली जातात. शब्दाचं वजन शब्दात असतंच. पण ऐकायला माणसं जमतील अशी जागा कुणाच्या ताब्यात आहे, त्यावर ते वजन काट्यावर येतं की नाही हे ठरतं.

त्याच्याही मागं जा. महाड. मार्चचा सत्याग्रह तुम्हाला पाठ आहे. डिसेंबर १९२७ ची परिषद आठवा. परिषदेला गावात कुणी वीतभर जमीन देईना. दुकानदारांनी माल विकायचं बंद केलं, धान्यसुद्धा बाहेरून आणावं लागलं. तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली ती त्या जागेवर. हे नाव वहीत लिहून घ्या. शाळेच्या पुस्तकात ते शोधत बसू नका. आणि आज कुणी येऊन तुमच्या कानात सांगू लागला की अमका आपला शत्रू आणि तमका आपला शत्रू, तर त्याला विचारा: महाडला जागा कुणी दिली होती?

पुढं १९४२. नागपूरचं मोहन पार्क. नावातच पार्क आहे. १८, १९ आणि २० जुलैला तिथं अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जन्माला आलं. २० तारखेला बायांची वेगळी परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. हजारो बाया. ज्यांना गावात पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, त्या शहराच्या बागेत व्यासपीठावरून ठराव मांडत होत्या. काय ठराव? घटस्फोटाचा हक्क पाहिजे. बहुपत्नीत्व बंद करा. गिरणीतल्या बायांना रजा द्या. हे १९४२ सालचं बोलणं आहे. आजच्या आपल्या कार्यक्रमपत्रिका काढून बघा. बाई कुठं असते? आभार मानायला.

आता मुंबईला चला. शिवाजी पार्क.

ही जागा १९२५ साली लोकांसाठी खुली झाली तेव्हा तिचं नाव होतं माहीम पार्क. १९२७ मध्ये शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं शिवाजी पार्क झालं. आता कागदोपत्री छत्रपती शिवाजी महाराज पार्क. जवळपास २८ एकर. चौफेर दगडी कट्टा, एक फेरी मारली तर सव्वा किलोमीटरच्या आसपास. आजूबाजूला पांढरपेशांच्या इमारती. मैदानात क्रिकेटची जाळी, एका बाजूला व्यायामशाळा, एका बाजूला गणपतीचं देऊळ, नवरात्रात बंगाल्यांची दुर्गापूजा. १९६६ पासून महाराजांचा घोड्यावरचा पुतळा.

या मैदानानं किती घसे ऐकले! संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथं झाल्या. अत्र्यांची तोफ इथं धडाडली. त्या समितीत आपलं फेडरेशनही होतं, दादासाहेब गायकवाडही होते. महाराष्ट्राची गोष्ट सांगताना हे नाव हळूच गाळतात, म्हणून सांगतो. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला मेळावा इथंच झाला, आणि मग दर दसऱ्याला. लोक त्याला शिवतीर्थ म्हणू लागले. बाळ ठाकऱ्यांवर २०१२ मध्ये अंत्यसंस्कार याच मैदानात झाले, लता मंगेशकरांवर २०२२ मध्ये. म्हणजे सभा, खेळ, पूजा आणि मरण, सगळं एकाच गवतावर. गवत कसलं, लाल माती. वारा सुटला की आजूबाजूच्या घरात धूळ, आणि त्या धुळीच्या बातम्या.

आणि या मैदानाच्या पश्चिमेला चालत पाच-दहा मिनिटांवर चैत्यभूमी.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब दिल्लीत गेले. देह विमानानं मुंबईत आणला. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर दहन. तिथंच, चितेच्या साक्षीनं, भदंत आनंद कौसल्यायनांनी लाखावर माणसांना दीक्षा दिली. रडता रडता माणसं बौद्ध झाली. तेव्हापासून दरसाल ६ डिसेंबरला माणसं येतायत. पाहुणे म्हणून कुणी बोलावत नाही. रेल्वे आता जादा गाड्या सोडते, महापालिका मांडव टाकते, पाण्याचे नळ लावते, फिरती संडासं उभी करते. पण क्रम लक्षात घ्या. आधी नळ आणि मग माणसं, असं झालं नाही. आधी माणसं आली. रस्त्यावर झोपली. समुद्राच्या वाऱ्यात कुडकुडली. दरसाल आली. इतकी आली की नळ लावण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. चळवळीत परवानगी नेहमी पायांच्या मागून येते.

मी गेलोय अनेकदा. चंद्रपूरहून गाडीत घुसायचं. डब्यात उभं राहायला जागा नाही, तरी कुणी कुणाला ढकलत नाही. शिदोरीला भाकर, चटणी, चिवडा. एका वर्षी आमच्या गावची एक म्हातारी सोबत होती. रांगेत सात-आठ तास उभी राहून दर्शन घेतलं, मग पार्कात येऊन मातीवर लुगडं अंथरून आडवी झाली. मी म्हटलं, "आजी, मांडवात चल, इथं गार लागंल." ती म्हणाली, "राहू दे बापू. एवढी मोठी जागा अन् कोणी ऊठ म्हनत नाही."

मी गप्प बसलो. कारण म्हातारीचं गाव माझंही गाव. आमच्याकडं दिवाळीनंतर मंडई भरते. शंकरपट असतो, दंडार असते, रात्रभर नाटकं असतात. झाडीपट्टीचं नाटक बघायला लोक बैलबंडी जुंपून येतात. मैदान सगळ्यांचं, तिकीट सगळ्यांना. पण म्हातारीच्या तरुणपणी तिच्या लोकांनी बसायचं कुठं? कनातीच्या कडेला, मागं. पुढची माती रिकामी असली तरी मागं. पुढं सरकलं की कुणीतरी फक्त खाकरायचं. शिवी नाही, मारहाण नाही, नुसतं खाकरणं. त्याला पुरावा नाही, त्याच्यावर केस होत नाही. ज्या बाईनं जन्मभर ते खाकरणं ऐकलं, तिला दादरच्या मातीवर पहिल्यांदा कुणी उठवलं नाही. पुढाऱ्यांची भाषणं तिला ऐकू आली की नाही, मला माहीत नाही. तिच्यासाठी भाषण ती माती होती.

आणि पुस्तकं! कोणत्या जत्रेत लोक पुस्तकं विकत घेतात, मला दाखवा. पंढरीत माळ घेतील, बुक्का घेतील. शिवाजी पार्कात ६ डिसेंबरला उन्हानं काळा पडलेला शेतमजूर उकिडवा बसून सरकारनं छापलेले बाबासाहेबांचे खंड चाळत असतो. ज्याला वाचता येत नाही तोही नातवासाठी घेतो. पैसे मोजताना चिल्लर खाली सांडते. शहरातले साहित्यिक म्हणतात वाचनसंस्कृती मेली. त्यांना म्हणावं, एक दिवस कट्ट्यावरून खाली उतरा.

ते उतरत नाहीत. ते वास घेतात. दरसाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तक्रार सुरू होते: घाण होते, गर्दी होते, वाहतूक अडते. घाण होते हे खोटं नाही. लाखो माणसं दोन दिवस राहिली तर कचरा होणारच. पण गणपती विसर्जनानंतरच्या कचऱ्याला ते भक्तीचा उत्साह म्हणतात आणि आमच्या कचऱ्याला आमची जात दाखवतात. आणि मित्रांनो, ७ तारखेला पहाटे ते मैदान झाडायला खराटा घेऊन कोण येतं? त्यात आपलीच माणसं असतात. आपण जमलो तरी आपणच झाडायचं, ते जमले तरी आपणच झाडायचं.

हा तिरस्कार नवा नाही. महाडचं तळं आपण शिवलं तर त्यांनी १०८ घागरी काढून पंचगव्य ओतलं. १९२७. आणि १९८८ साली, रिडल्सच्या प्रकरणात, आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा मुंबईत हुतात्मा चौकावर गेला, तर नंतर तो चौक धुवून शुद्ध करण्याचा तमाशा झाला. एकसष्ट वर्षं गेली. तळ्याच्या जागी चौक आला, पाणी तेच राहिलं.

आता कायदा. कंटाळू नका, हेच कामाचं आहे.

शिवाजी पार्कच्या रहिवाशांच्या बाजूनं एक संस्था २००९ साली आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. २०१० मध्ये न्यायालयानं पार्क हे शांतता क्षेत्र ठरवलं. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. शाळा, इस्पितळ, न्यायालय, प्रार्थनास्थळ यांच्या आजूबाजूचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र होऊ शकतो. पार्काला लागून शाळा आहेत. मग सभा बंद? न्यायालयानं तीन दिवस मोकळे ठेवले: १ मे, २६ जानेवारी आणि ६ डिसेंबर. पुढं २०१६ मध्ये सरकारनं खेळाशिवायच्या वापराला वर्षात ४५ दिवस ठरवून दिले.

या तीन दिवसांकडं नीट बघा. एक महाराष्ट्र दिन, एक प्रजासत्ताक दिन. दोन्ही सरकारचे. सरकारकडं परेड आहे, तोफा आहेत. तिसरा दिवस कुणाचा? आजीचा. लुगडं अंथरणारीचा. राज्य आणि राष्ट्र यांच्या रांगेत एक जनतेचा दिवस कायद्यानं लिहिला गेला, आणि तो कुणी दान दिला नाही. पन्नासहून जास्त वर्षं चालून चालून मिळवला.

रहिवाशांचं सगळंच खोटं आहे असं म्हणून आपण टाळ्या घेऊ शकतो. मी घेणार नाही. आवाज हा प्रश्न खरा आहे. ज्या घरात आजारी माणूस आहे, परीक्षेचं पोर आहे, त्याला भोंग्याची जात दिसत नाही. आणि आपल्या वस्तीत, पत्र्याच्या भिंतीआड, हा आवाज त्यांच्या इमारतीपेक्षा दुप्पट लागतो. माझा सवाल वेगळाय. शांतता फक्त त्यांच्याच दाराशी का? १९९७ पासून मुंबईतले मोर्चे न्यायालयाच्या आदेशानं आझाद मैदानाच्या एका तुकड्यात कोंडले गेले. त्याआधी मोर्चा काळ्या घोड्यापर्यंत जायचा, मंत्रालयातल्या खुर्चीला निदान घोषणा ऐकू जायची. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी, आदिवासी चालत आले, पायांची सालटी निघालेली. परीक्षेच्या पोरांना त्रास नको म्हणून ते रात्रीतून चालले आणि पहाटे आझाद मैदानात पोचले. शहराची काळजी त्यांनी केली. शहरानं त्यांच्यासाठी एक कोपरा ठेवलाय. शांतता म्हणजे गरिबाचा आवाज ऐकू न येणं, असा अर्थ झाला तर ती शांतता आपल्याला मान्य नाही.

आणि गंमत बघा. २०२२ च्या दसऱ्याआधी शिवसेनेचे दोन तुकडे झाले. दोघांनाही शिवाजी पार्क पाहिजे. महापालिकेनं कायदा-सुव्यवस्थेचं कारण सांगून दोघांनाही नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयात. २३ सप्टेंबरला निकाल, एका गटाला परवानगी. दुसऱ्यानं वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान गाठलं. राज्य हातात असलेली माणसं एका मैदानासाठी वकील लावतात. का? मैदानात बोलणारा वारसदार ठरतो, हे त्यांना कळतं. आपल्याला कधी कळणार?

आपल्या पुढाऱ्यांबद्दल बोललो नाही तर हे भाषण बेइमान ठरंल. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात किती व्यासपीठं असतात? या गटाचं, त्या गटाचं, फुटलेल्याचं, फुटून पुन्हा फुटलेल्याचं. शेजारी शेजारी भोंगे. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर आदळतं आणि खाली बसलेल्या माणसाला फक्त खरखर ऐकू येते. जी जागा आपण पायांनी मिळवली ती यांनी फ्लेक्सनी भरली. फ्लेक्सवर बाबासाहेब बोटाएवढे आणि साहेब हत्तीएवढे. १९४२ ला मोहन पार्कात एक ठराव झाला आणि संघटना जन्मली. आता दर डिसेंबरला डझनभर भाषणं होतात आणि संघटना मरते.

मैदानासाठी किंमतही मोजलीय. वरळीचं आंबेडकर मैदान, बीडीडी चाळी, ५ जानेवारी १९७४. पँथरच्या सभेवर दगड आले, मग पोलिसांच्या लाठ्या, मग दंगल. १० तारखेच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. एका सभेची ही किंमत. कुणी म्हणालं, सभा म्हणजे नुसती बडबड, तर त्याला हे नाव सांगा.

आता आपल्या बाजूला या. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. लस संस्थेजवळची मोकळी जागा. तेव्हा तिथं स्तूप नव्हता, कमान नव्हती. मोकळं रान आणि पांढरी वस्त्रं. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडेंनी तयारी केलेली. आपल्या या जंगलपट्टीतली माणसं बैलबंडीनं, पायी चांद्याला पोचली. तुमच्यापैकी अनेकांचे आजे, पणजे त्या मैदानात उभे होते. म्हणजे तुमचं नवं नाव, नवा धर्म, नवी मान एका मैदानात जन्मली. छपराखाली नाही, मैदानात. तेवढी माणसं मावतील असं छप्पर आपल्याकडं नव्हतंच.

नागपूरची ती जागा पुढं मिळाली, स्तूप झाला, २००१ च्या डिसेंबरात राष्ट्रपती नारायणन यांनी उद्घाटन केलं. १९७९ चा नामांतराचा लाँग मार्च तिथूनच निघाला. आणि २०२४ मध्ये त्याच आवारात जमिनीखाली मोटारी ठेवायचं तळघर खणायला घेतलं. विकास! लोकांना वाटलं स्तूपाला धोका आहे. १ जुलैला माणसं जमली, काम मोडलं, जाळपोळ झाली आणि त्याच दिवशी सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. जाळपोळीचं मी कौतुक करत नाही. पण एक विचारा. जे लोक दरसाल पायी येतात त्यांना न विचारता मोटारींची सोय कुणासाठी होत होती? आता मैदान घ्यायचं तर कुणी बंदूक घेऊन येत नाही. सुशोभीकरण घेऊन येतो. कुंपण घालतो, कारंजी लावतो, फाटकाला वेळापत्रक टांगतो. एका सकाळी कळतं की जागा सुंदर झालीय आणि आपण बाहेर उभे आहोत.

तर सावलीत काय करायचं? घोषणा नको, कामं सांगतो.

पहिलं. संविधानाचं कलम १९ वाचा. शांततेनं, शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा हक्क त्यात लिहिलाय. सरकार वाजवी बंधन घालू शकतं, मनमानी करू शकत नाही. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा प्रकरणात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रस्त्यावरच्या सभेचं नियमन करा, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर ती साफ नाकारता येणार नाही. ठाण्यात जाताना हे नाव खिशात ठेवा.

दुसरं. परवानगीचा अर्ज तोंडी करू नका. 'बघू, साहेब नाहीत, उद्या या' यात आपली एक पिढी गेली. अर्ज लेखी, दोन प्रती, पोच घ्यायची. नकार आला तर कारणासह लेखी मागा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ वारंवार लावलं जातं आणि पाच माणसं जमली की ते पुढं करतात. कलम ३७ म्हणजे सभा बंद असं नाही. परवानगी घेऊन सभा करता येते. तो आदेश मागून घ्या, वाचा. न वाचता घाबरणं ही गुलामाची सवय.

तिसरं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. शाळेचं मैदान, बाजाराची जागा, नगरपंचायतीची मोकळी जागा गेल्या पाच वर्षांत कुणाकुणाला दिली, कुणाला नाकारली, भाडं किती घेतलं? कागद मागवा. तुम्हाला पंधरा दिवस फिरवतात आणि दुसऱ्याला फोनवर देतात, असं वाटणं वेगळं आणि कागदावर दाखवणं वेगळं.

चौथं. रात्री दहाला भोंगा बंद. नियम आहे म्हणून तर आहेच, पण आपल्या वस्तीत पोरं अभ्यास करतात म्हणूनही. डीजेच्या भिंती लावून बाबासाहेबांना कानठळ्या बसवायच्या आणि मग शांतता क्षेत्राविरुद्ध बोलायचं, हे जमणार नाही. ज्यांना आपली सभा बंद पाडायचीय त्यांच्या हातात आपणच दगड द्यायचा नाही.

पाचवं. मैदान वापरलं की झाडायचं. पण सगळ्यांनी. अध्यक्षापासून. खराटा एका जातीच्या हातात राहणार नाही, हे निदान आपल्या मैदानात तरी दिसू द्या.

सहावं. बायांना पहिलं बोलू द्या. मोहन पार्कनंतर ऐंशी वर्षं उलटली. आता आभार दुसरे कुणी मानतील.

आणि शेवटचं. मैदानात फक्त जयंती आणि पुण्यतिथी करू नका. वनहक्काचा दावा अडकला, मैदानात या. वसतिगृहाचा पैसा आला नाही, मैदानात या. कुणाच्या पोरीवर हात पडला, मैदानात या. वर्षातून दोन दिवस वापरलेली जागा वर्षाचे बाकीचे दिवस दुसऱ्याची असते. गवत न वाढलेली वाट सगळे वाट म्हणून ओळखतात. गवत वाढलं की मालक उगवतो.

मैदान कुणाच्या बापाचं, हा सवाल आपल्याला नेहमी विचारला गेला. तंबू लावताना, खुर्च्या टाकताना, पुढं सरकताना. "तुमच्या बापाचं आहे काय?" आपण खाली मान घालत होतो, कारण आपल्या बापाच्या नावावर काही नव्हतं. सातबारा नव्हता, घराची जागासुद्धा दुसऱ्याची होती. पण सार्वजनिक हा शब्द ज्यानं संविधानात बसवला तो आपला बाप आहे. या अर्थानं, हो, बापाचंच आहे. मात्र वारसाहक्क तोंडानं सांगून चालत नाही. जाऊन उभं राहावं लागतं.

सोमवारी कचेरी उघडते. अर्ज कोण लिहितंय, हात वर करा.

जयभीम.